फ्रीजसमोरची चप्पल

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजसमोर कायम एक रबरी चपलांचा जोड पडलेला असायचा. निळ्या पट्ट्यांचा, टाचा झिजलेला. पाहुणा पाणी घ्यायला उठला की सासूबाई आतूनच सांगायच्या, "चप्पल घालून उघडा हो, जरा झिणझिण्या येतात." पाहुणाही निमूट चप्पल घालायचा, कारण त्याच्या घरी मिक्सरपाशी लाकडी पाट ठेवलेला असायचा. पाऊस लागला की झिणझिण्या वाढायच्या, मग पोरांना फ्रीजला हात लावायची बंदी. आणि ह्याच घरात ट्यूबचा स्टार्टर फिरवायला कोणी धजत नव्हतं. "विजेशी मस्करी नको" म्हणत वायरमनची वाट बघत आम्ही चार-चार दिवस पडवीत अंधारात जेवलो आहोत.

भीती होती, भरपूर होती. फक्त भलत्या जागी होती. जे धोक्याचं होतं त्याच्याशी आम्ही संसार मांडला होता आणि जे दहा मिनिटांत शिकता आलं असतं त्यापासून चार हात लांब राहत होतो.

मी राहते ती वाडी जैतापूरच्या खाडीलगत आहे. तालुक्यातल्या 9900 मेगावॅटच्या अणुप्रकल्पावर वाद घालत इथली एक पिढी म्हातारी झाली, पण घरातल्या फ्रीजला अर्थिंग आहे का, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मलाही ते सुचलं नसतं. वाडीत एक निवृत्त वायरमन आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मोतीबिंदूमुळे त्यांना तारांचे रंग दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी मला हाताशी घेतलं. "तू धर, मी सांगतो." नवरा मुंबईला, पोरं शाळेत, मलाही वेळ होता. तिथून सुरू झालं.

पहिल्या दिवशी त्यांनी एक स्क्रूही उघडू दिला नाही. अंगणात बसवून विचारलं, "शॉक का बसतो गो?"

"तारेत करंट असतो म्हणून."

"मग त्या कावळ्याला का नाही बसत?"

समोर तारेवर कावळा बसला होता. मी गप्प.

वीज कुठे जाऊन संपत नाही, ती फेरी मारते. ट्रान्सफॉर्मरमधून फेजच्या तारेने घरात येते, बल्बमधून किंवा पंख्यातून जाते आणि न्यूट्रलच्या तारेने ट्रान्सफॉर्मरला परत पोचते. ही फेरी पुरी होत असेल तरच प्रवाह वाहतो. मध्ये कुठेही तुटली की सगळं थांबतं. बटण म्हणजे दुसरं काही नाही, हवं तेव्हा तोडता येणारी फेरी. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्याच्या अंगातून पलीकडे जायला विजेला वाट नसते. वटवाघळाचं दुर्दैव असं की त्याचे पंख दोन तारांना एकदम लागतात. मग फेरी त्याच्यातून पुरी होते आणि सकाळी ते तारेला लोंबकळलेलं दिसतं.

मग माणसाला एकाच तारेला बोट लावून शॉक कसा बसतो? माझं गाडं इथे बरेच दिवस अडलं होतं. उत्तर ट्रान्सफॉर्मरपाशी आहे. तिथे न्यूट्रलची तार मुद्दाम जमिनीत पुरलेली असते. बिघाड झाला तर दाब वाटेल तसा चढू नये आणि फॉल्ट लगेच पकडता यावा, म्हणून. पण त्याचा अर्थ असा की खालची सगळी जमीन न्यूट्रलला बांधलेली आहे. अनवाणी उभं राहून फेजला हात लावला की वीज हातातून शिरते, पायातून जमिनीत उतरते आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरला परत जाते. "तू उभी असतेस ती न्यूट्रलवरच," भाऊ म्हणाले. "दुसरी तार कायम पायाखाली आहे हे विसरू नकोस."

त्या एका वाक्याने माझी भीती कमी झाली नाही, पण तिला दिशा मिळाली. तोवर मी फक्त हात सांभाळत होते, तेव्हापासून पायांकडे बघायला लागले.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय हे सगळं बुवाबाजीसारखं वाटतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पन्हळीने आणतात ते डोळ्यांसमोर आणा. झरा जितका उंच तितका पाण्याला जोर. तो जोर म्हणजे व्होल्टेज, आपल्या घरात 230 व्होल्ट. पन्हळीतून प्रत्यक्ष किती पाणी वाहतं ते म्हणजे करंट, अँपिअरमध्ये मोजतात. पन्हळ किती अरुंद, किती तुंबलेली, तो अडथळा, ओहममध्ये. जोराला अडथळ्याने भागलं की वाहणारा करंट मिळतो. शाळेत ओहमचा नियम पाठ केला होता तो हाच, पण तेव्हा त्याचा फ्रीजशी संबंध आहे असं कोणी सांगितलं नव्हतं.

कोरड्या अंगाचा अडथळा काही हजार ओहम असतो. घामाने, पावसाने भिजलेलं अंग असेल तर तो हजाराच्या आसपास उतरतो. 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर. अँपिअरचा हजारावा भाग तो मिलिअँपिअर, म्हणजे हे झाले 230 मिलिअँपिअर. ह्यातल्या 1 मिलिअँपिअरला आपल्याला झिणझिणी जाणवते. 10 च्या पुढे स्नायू आखडतात. 30 च्या आसपास श्वास अडकायला लागतो. 50 ते 100 च्या टप्प्यात हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. आपल्याकडे "करंटने खेचून घेतलं" म्हणतात, ते खेचणं वगैरे काही नसतं. आपल्याच हाताचे स्नायू आखडून मूठ आवळते आणि धरलेली तार सोडता येत नाही. म्हणून भाऊ, सगळं बंद करून झाल्यावरसुद्धा, पत्र्याला पहिल्यांदा हात लावताना तो पालथा लावतात. आखडलाच तर मूठ तारेवर न आवळता हात मागे यावा म्हणून.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, लादीला घाम येतो, हवेत मीठ असतं. त्यात आपण घरात अनवाणी वावरतो. शॉकसाठी लागणारं सगळं साहित्य आयतं जमलेलं.

फ्रीजचं कोडं आता सुटण्यासारखं होतं. आतल्या तारांचं इन्सुलेशन जुनं झालं, दमटपणाने सर्दावलं की थोडी वीज गळून बाहेरच्या पत्र्यावर येते. पत्र्याला हात लावणारा माणूस तिला जमिनीची वाट देतो. चप्पल घातली की ती वाट रोखली जाते, झिणझिण्या थांबतात, पण गळती तशीच राहते. आज झिणझिण्या देणारा पत्रा इन्सुलेशन पुरतं गेलं की एखाद्या दिवशी पुऱ्या 230 व्होल्टवर असतो, आणि त्या दिवशी एखादं पोर चप्पल न घालता जातं.

ह्यासाठी तिसरी तार असते, हिरवी. फ्रीजच्या पत्र्यापासून निघून ती प्लगच्या जाड पिनेतून बोर्डात आणि बोर्डातून परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जाते. गळलेल्या विजेला माणसाच्या अंगापेक्षा सोपी वाट करून दिलेली असते. ती पिन जाड आणि लांब का, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. जाड, म्हणजे ती चुकूनही फेजच्या भोकात जाणार नाही. लांब, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. एवढा विचार करून बनवलेली वस्तू आपण "सॉकेटात बसत नाही" म्हणून पक्कडीने तोडतो किंवा दोन पिनी अडॅप्टर लावून मोकळे होतो.

आमची पिन शाबूत होती. भाऊंनी मेन बंद करायला लावून बोर्ड उघडायला सांगितलं तेव्हा दिसलं, वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. घराचं वायरिंग लाकडी पट्ट्यांवरचं, दोन तारांच्या जमान्यातलं. नंतर कोणीतरी तीन पिनी सॉकेट बसवलं आणि तिसरं भोक शोभेला ठेवलं. जुन्या घरांतून हे सर्रास सापडेल.

अर्थिंग करायचं तर आपल्याकडे जांभा आडवा येतो. सड्यावरचा कातळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो आणि कोरड्या जांभ्यातून वीज सहज जात नाही. खड्डा शास्त्रोक्त खणला, पाइप अडीच मीटर घातला, कोळसा-मीठ भरलं, तरी मे महिन्यात अर्थिंग नावापुरतं उरतं. जुने वायरमन म्हणून खड्ड्याला ओलीची जागा शोधतात. आमचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या केळींपाशी आहे. त्यात एप्रिलपासून आठवड्याला दोन कळश्या पाणी ओतायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय, तुळशीला पाणी घालून झालं की.

तरीही नुसत्या अर्थिंगवर विसंबता येत नाही. हिशेब करून बघा. जांभ्यामुळे अर्थिंगचा अडथळा 100 ओहम निघाला असं धरू. फेज फ्रीजच्या पत्र्याला टेकली तर 230 भागिले 100, म्हणजे 2.3 अँपिअर जमिनीत जाईल. 16 अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणाला, ह्याचा पत्ताही लागणार नाही. तो शांत राहील आणि पत्रा जिवंत राहील. एमसीबी असला की घर सुरक्षित, असं मी इतकी वर्षं समजत होते. एमसीबी राखतो तारेला, तिच्यातून ताकदीपेक्षा जास्त करंट जाऊन ती जळू नये म्हणून. माणूस मरायला 2.3 अँपिअरचा विसावा हिस्सासुद्धा पुरतो.

माणसाला राखणारं यंत्र वेगळं, आरसीसीबी. दिसायला एमसीबीचा थोरला भाऊ, पण त्यावर टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते काय करतं हे गुराख्याला विचारा. सकाळी जेवढी गुरं सोडली तेवढी संध्याकाळी गोठ्यात आली का, एवढंच तो मोजतो. आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघतो. तूट आली म्हणजे कुठेतरी वीज भलत्या वाटेने, पत्र्यातून, भिंतीतून किंवा कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली. घरासाठीचा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या तुटीवर पडायला बनवलेला असतो, जास्तीत जास्त 0.3 सेकंदात, आणि तूट मोठी असेल तर त्याहून खूप आधी. आपल्या 100 ओहमच्या रडक्या अर्थिंगवरही 30 मिलिअँपिअर म्हणजे पत्र्यावर जेमतेम 3 व्होल्ट. कोकणात जांभ्यावर घर असेल तर फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर सगळ्याच्या आधी मी हा घ्यायला सांगेन. दीड-दोन हजारांच्या आसपास येतो, वायरमनकडून बसवून घ्यायचा आणि महिन्यातून एकदा ते टी बटण दाबून तो खाली पडतो का बघायचं.

एक गोष्ट त्याला जमत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलीत तर गुरं पुरी परत येतात. वाटेत तुम्ही तुडवले गेलात हे मोजणीत दिसत नाही.

आता हात घालायचा तर पहिली पायरी बंद करण्याची. बटण बंद म्हणजे वीज बंद, असं धरून चालू नये. कोणी वायरमनने घाईत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलं असेल तर बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते. म्हणून मेन पाडायचा. आणि इथेच आपल्याकडचा एक खास सापळा आहे. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आणि पुढच्याच मे महिन्यातलं तौक्ते, ह्यानंतर आमच्या वाडीत इन्व्हर्टर नाही असं घर विरळा. तुम्ही मेन पाडलात की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे बोर्डात वीज सोडतो. मेन पाडून, निर्धास्त होऊन, मी हॉलमधल्या पंख्याच्या रेग्युलेटरला हात घालणार होते. भाऊ ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "वर बघ." पंखा फिरत होता.

म्हणजे मेन बंद, इन्व्हर्टर बंद आणि मेनवर कोणी ऊठसूट हात लावू नये म्हणून चिठ्ठी किंवा चिकटपट्टी. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, पाऊस उघड्यावर पडत असेल तर त्या दिवशी काम नाही. मग टेस्टर.

टेस्टरला लोक खेळणं समजतात. त्याच्या पोटात नियॉनचा बारीक दिवा आणि साधारण दहा लाख ओहमचा रेझिस्टर, म्हणजे मुद्दाम घातलेला अडथळा, असतो. टोपीवर बोट ठेवलं की फेरी तुमच्या अंगातूनच पुरी होते, पण 230 भागिले दहा लाख म्हणजे पाव मिलिअँपिअरहूनही कमी. कळतसुद्धा नाही. त्याची खोड अशी की तो बिघडला तरी पेटत नाही आणि वीज नसली तरी पेटत नाही. म्हणून आधी चालू असलेल्या सॉकेटात पेटवून बघायचा, मग काम करायच्या जागी, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटात. ह्या तिसऱ्या वेळेचा मला सुरुवातीला कंटाळा यायचा. एकदा मधल्या वेळेतच आतला दिवा गेला, तेव्हापासून येत नाही.

टेस्टरची एक गंमत सांगते, जी कळायला मला पंधरा दिवस लागले. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. टेस्टर उजवीकडे पेटला पाहिजे, डावीकडे नाही. एका सकाळी आमच्या माजघरात पंखा बंद, ट्यूब बंद आणि टेस्टर दोन्ही भोकांत पेटतोय! दुप्पट वीज आली की काय? उलट होतं. न्यूट्रलची तार कुठेतरी तुटली होती. पंख्याचं बटण चालू असल्यामुळे फेज पंख्याच्या गुंडाळीतून पलीकडे उतरून न्यूट्रलच्या तारेत येऊन उभी राहिली होती, पुढे जायला वाट नाही म्हणून. फेरी पुरी नाही, म्हणून पंखा हलत नाही, पण जिला आपण निरुपद्रवी समजतो ती काळी तार त्या वेळी फेजइतकीच विषारी. पंख्याची, ट्यूबची सगळी बटणं बंद केली की डाव्या भोकातला टेस्टर विझतो, तिथे निदान पक्कं होतं. एका खोलीपुरतं असेल तर बोर्डातला एखादा स्क्रू ढिला झालेला असतो. सगळ्या घरात असेल तर दोष खांबापाशी, मग 1912 ला फोन. आणि वादळानंतर काही दिवे डोळे दिपवतील असे प्रखर आणि काही मिणमिणते दिसले तर फोनच्याही आधी मेन पाडा. थ्री फेजच्या, म्हणजे तीन फेज तारांच्या, लाइनवर न्यूट्रल गेला की कोणाच्या तरी घरात 230 च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट चढतात. टीव्ही-फ्रीज जळतात ते असेच.

पहिली दुरुस्ती म्हणून प्लग बदलायला घ्या. ह्याच्याइतकं निर्धोक काम नाही, कारण वस्तू सॉकेटातून काढून पंगतीला बसल्यासारखं मांडी घालून करता येतं. मी इस्त्रीचा बदलला. जुना प्लग उघडला तर आत फेजच्या पिनेपाशी प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आणि तांब्याच्या केसांवर हिरवा थर. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तसा. खाऱ्या हवेत उघडं तांबं, पितळ असंच कळकतं. आपल्याकडे प्लग, होल्डर, बटणं लवकर जातात त्याचं निम्मं कारण हे.

कळकलेलं टोक कापून टाकलं. वरची साल काढली, आतल्या तिन्ही तारांची टोकं बोटाच्या पेराच्या निम्म्याहून थोडी कमी सोलली, तांब्याचे केस पिळून एक केले. एखादा केस बाहेर राहिला तर तोच शेजारच्या पिनेला टेकून स्फोट करतो. हिरवी तार मुद्दाम इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवली. वायरीला हिसका बसून तारा निसटल्याच तर फेज आधी निसटावी आणि अर्थिंग शेवटपर्यंत टिकावं, म्हणून. स्क्रू आवळून प्रत्येक तार ओढून बघितली. वायर दाबून धरणारी पट्टी वरच्या सालीवर आली पाहिजे, आतल्या तारांवर नाही. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला, आणि झाकण लावल्यावर कळलं की वायर झाकणाच्या भोकातून ओवायचीच राहिली होती. सगळं परत.

ढिल्या जोडाने प्लास्टिक का फुगतं, ह्याचा हिशेब मला फार आवडतो. 2000 वॉटचा गीझर साधारण 8.7 अँपिअर घेतो. जोड ढिला किंवा कळकलेला असेल आणि तिथे फक्त अर्धा ओहम अडथळा आला, तर उष्णता होते करंटचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे जवळजवळ 38 वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री 25 वॉटची असते! तेवढी, किंबहुना जास्त धग टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत, भिंतीतल्या प्लास्टिकच्या डब्यात. एमसीबी पडणार नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. नाकाला जळका वास येतो, प्लग हाताला गरम लागतो, बटणातून चर्र आवाज येतो, हीच काय ती सूचना. तशीच गत 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटात इंडक्शनची शेगडी लावण्याची. गणपतीत चाकरमानी आले की एका एक्स्टेन्शन बोर्डावर मखराच्या माळा, चहाची किटली आणि चार मोबाइल लागतात, तेव्हा त्या प्लगला अधूनमधून हात लावून बघा.

बाकी घरची कामं पटकन सांगता येतात. पंखा गुंगुं करतो पण फिरत नाही, काठीने ढकलला की फिरतो, तर बहुतेक कपॅसिटर, म्हणजे पंख्याला सुरुवातीचा रेटा देणारा छोटा डबा, गेलेला असतो. त्यावर लिहिलेला आकडा, सहसा 2.5 मायक्रोफॅरड, तोच आणायचा. जास्तीचा आणून पंखा जोरात फिरत नाही, गरम होतो. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये फ्यूजचीच तार घालायची. "परत परत उडतो" म्हणून जाड तांब्याची तार घालणाऱ्याने फ्यूज दुरुस्त केलेला नसतो, पहारेकऱ्याला झोपवलेलं असतं.

कुठे थांबायचं ह्याची रेघ कायद्यानेच आखून दिली आहे आणि मला ती शहाणपणाची वाटते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि घरगुती उपकरणं बदलण्याची मोकळीक आहे, मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. नवीन लाइन ओढणं, वायरिंग बदलणं हे परवानाधारकाचं काम. मीटरच्या पलीकडचं तर आपलं नव्हेच. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर मी उघडत नाही, ओल्या जमिनीवर उभं राहून थ्री फेजशी गाठ. मायक्रोवेव्हही नाही, त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजारांच्या घरातले व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. अर्थिंग तपासायला वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघतात, तेही घरी करू नका. खड्ड्याकडची तार तुटलेली असेल तर त्या क्षणी घरातल्या प्रत्येक पत्र्यावर वीज येते.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका, निदान सर्व्हिस वायरच्या खांबाला किंवा पत्र्याच्या शेडला तरी नाही. नायलॉनची दोरी स्वस्तात मिळते. आणि आंबे काढताना झेल्याची काठी लाइनपासून लांब, ओला बांबू वीज नेतो.

कोणी चिकटलंच तर धावत जाऊन त्याला धरायचं नाही, फेरीत दुसरा माणूस वाढतो. आधी मेन. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने, कोरड्या जागेवर उभं राहून तार बाजूला. बाहेरची मोठी लाइन असेल तर जवळही नाही. माणूस श्वास घेत नसेल तर 108 ला फोन लावायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागायचं, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. मोठा शॉक बसून उठून बसलेल्यालाही दवाखान्यात न्यायचं, हृदयाची लय मागाहून बिघडू शकते. त्याला मातीत पुरून ठेवणं वगैरे ऐकलं असेल, त्यात फक्त वेळ जातो.

गेल्या जूनमध्ये रात्री दोनच्या सुमारास पंखा थांबला. बाहेर पावसाने झोड उठवलेली. शेजारी दिवा दिसत होता, म्हणजे लाइट गेली नव्हती. टॉर्च घेऊन बघितलं तर आरसीसीबी पडलेला. पूर्वी असते तर सकाळपर्यंत देवाचं नाव घेत बसले असते. सगळे एमसीबी खाली केले, आरसीसीबी वर केला, राहिला. मग एकेक एमसीबी वर करत गेले. स्वयंपाकघर, माजघर, पडवी, न्हाणी, काही नाही. पाचवा वर केला आणि खट्. तो अंगणातल्या दिव्याचा. त्याला तसाच खाली ठेवून बाकीचे चालू केले आणि झोपले.

सकाळी पाऊस उघडल्यावर मेन, इन्व्हर्टर, टेस्टर असं सगळं करून दिव्याचं झाकण काढलं. आत चमचाभर पाणी, मुंग्यांचं वारूळ व्हायला आलेलं, आणि होल्डरमध्ये वाळून कोळ झालेली पाल. होल्डर बदलला, झाकणाला खालून एक भोक पाडलं, पाणी साचू नये म्हणून. ही भोकाची युक्ती भाऊंची. त्यांचा डोळा आता बरा आहे, रत्नागिरीला ऑपरेशन झालं, आणि येऊन त्यांनी माझे जोड स्क्रू-ड्रायव्हरने पुन्हा आवळून बघितले. दोन ढिले निघाले.

फ्रीजला अर्थिंग होऊन दोन वर्षं झाली, झिणझिण्या नावाला नाहीत. सासूबाई अजून चप्पल घालूनच फ्रीज उघडतात. लादी गार लागते म्हणतात.